ऑक्टोबरपर्यंतचं नाटक

वृंदा गेली त्या रविवारी तिचं नाटक मे महिन्याच्या प्रवेशापर्यंत बसलं होतं. त्या दिवशी जून करायचा होता.

लिमरिकच्या जीएए क्लबचा, म्हणजे आयरिश खेळांच्या क्लबचा, मागचा हॉल मराठी मंडळाला रविवारी दुपारी मिळायचा. सप्टेंबर २०१८ चा तो रविवार होता. शैलेंद्र भिंतीकडेच्या खुर्चीत मांडीवर संहिता घेऊन बसला होता. नाटकात तो कधीच काम करायचा नाही. नागपूरहून आयर्लंडला येऊन नऊ वर्षं झाली होती आणि मंडळाच्या प्रत्येक नाटकात तो प्रॉम्प्टर होता. वृंदा लिहायची, बसवायची. तो विंगेत उभा राहून विसरलेली वाक्यं पुरवायचा. आदल्या दिवशी ती डब्लिनला ब्युमॉन्टमध्ये माधवीकडे गेली होती. माधवी तिची लालबागपासूनची मैत्रीण. जाताना दारात म्हणाली होती, "तिथे शांत बसून उरलेलं लिहिते. आता येईन ती नोव्हेंबर-डिसेंबर घेऊनच."

फोन माधवीचा आला.

"शैलेंद्र, वृंदा ओट्यापाशी पडली. ॲम्ब्युलन्स घेऊन गेली आत्ताच. मी मागोमाग निघालेय. तू नीघ."

"शुद्धीवर आहे का?"

"तू नीघ रे आधी."

त्याने संहिता खुर्चीवर ठेवली. सानिका, त्याची अकरा वर्षांची मुलगी, नाटकात होती. तिला ज्ञानदाकडे सोपवलं. ज्ञानदा तिथल्या विद्यापीठात शिकायला आलेली मुलगी, नाटकातली नायिका. तो सगळ्यांना म्हणाला, "वृंदाला बरं नाहीये. मी जाऊन येतो. तुम्ही जून करून घ्या."

त्यांनी जून केला. दोनदा केला.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तो गाडीतून उतरला तेव्हा माधवी पैसे भरायच्या मशीनपाशीच उभी होती. पायात घरातल्या सपाता. बाहेर पाऊस होता आणि त्या सपाता भिजून काळ्या झाल्या होत्या. वर पेशंटजवळ थांबायचं सोडून ती खाली का आली, हे त्याला विचारावं लागलं नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, चित्र काढून दाखवलं. त्याने मान हलवली.

मग त्याने ज्ञानदाला फोन लावला. ती घाईघाईने म्हणाली, "दादा, जून झाला! इतका मस्त झाला ना, ताईंना सांगा."

"ज्ञानदा," तो म्हणाला, "ताई गेली."

*

नाटक वेल्समधल्या एका गावाच्या एका वर्षाचं होतं. साल १९०१. डब्लिनहून बोटीने समुद्र ओलांडला की पलीकडे वेल्स. तिथल्या डोंगरात पाटीच्या दगडाच्या मोठमोठ्या खाणी होत्या. आयर्लंडमधल्या कितीतरी जुन्या घरांवर अजून तिथल्याच दगडाची कौलं आहेत. त्यातल्या एका खाणीतले कामगार १९०० च्या नोव्हेंबरात बाहेर पडले आणि तीन वर्षं आत गेले नाहीत. वृंदा इथे येऊन इतिहासात एम.ए. झाली, त्यात तिला हे सापडलं. सापडलं म्हणजे एका फोटोत दिसलं. घराची खिडकी, काचेच्या आत एक छापील पाटी, आणि पाटीवर वेल्शमध्ये लिहिलेलं: या घरात फितूर नाही.

१९०१ च्या जूनमध्ये मालकाने खाण उघडली. जे काही शे लोक परत कामावर गेले त्यांना प्रत्येकी सोन्याचा एक पौंड मिळाला. गावाने त्याला नाव ठेवलं शेपटीचा पौंड. आणि ज्यांनी शेपूट घातली नाही त्यांनी खिडक्यांमधून पाट्या लावल्या.

तो फोटो पाहून वृंदा त्या रात्री जेवली नव्हती. तिचे वडील लालबागला गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपात ते बाहेर पडले ते पडलेच. शेजारच्या खोलीतला त्यांचा दोस्त मात्र वर्षभराने गुपचूप कामावर गेला. दोघं एका गॅलरीत राहिले आणि पुढे वीस वर्षं बोलले नाहीत. "आमच्याकडे पाटी नव्हती लावलेली," वृंदा म्हणाली होती, "पण होतीच की रे."

नाटकाचे बारा प्रवेश, बारा महिने. जानेवारीत इंग्लंडची राणी वारते, गाव काळे कपडे घालतं, पण कामावर जात नाही. मार्चमध्ये गावातली गाणारी मंडळी इंग्लंडमध्ये हिंडून संपासाठी मदत गोळा करायला निघतात. जूनमध्ये पाट्या. ओवेन नावाचा खाणकामगार, त्याची बायको नेल, त्यांची लहान मुलगी, आणि शेजारचा विल. विल कामावर परत जातो. ऑक्टोबरमध्ये विलची आई मरते. ओवेन तिच्या शवपेटीला खांदा द्यायला जातो. घरी येतो तेव्हा नेल विचारते, "काय बोललात विलशी?" तो म्हणतो, "काही नाही. खांदा दिला." ती विचारते, "मग पाटी?" ओवेन म्हणतो, "राहू दे."

इथपर्यंत वृंदाने लिहिलं होतं. माधवीने तिचा लॅपटॉप परत दिला तेव्हा शैलेंद्रने उघडून पाहिलं. 'नोव्हेंबर' असं लिहिलेलं होतं. खाली 'डिसेंबर'. दोन्हीखाली काही नाही. त्याने सगळी फोल्डरं पाहिली. कुठेच काही नव्हतं. शांत बसून लिहायला ती गेली होती, आणि माधवीशी गप्पा मारत बसली होती. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. बरंच झालं, गप्पा तरी झाल्या.

*

लोकांनी काही कमी केलं नाही. माणसं रांगेने घरात येऊन हात हातात घेऊन गेली. आयरिश शेजारी "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत. पलीकडच्या मिसेस हेनेसी सँडविचचं ताट ठेवून गेल्या आणि ताट परत न्यायला येताना ॲपल टार्ट घेऊन आल्या. मंडळातल्या बायकांनी पाळी लावून डबे दिले. पंधरा दिवस घरात चूल पेटली नाही.

मग मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब आले. मूळचे साताऱ्याचे, वीस वर्षं लिमरिकला, मोठ्या हुद्द्यावर. कुणाचाही व्हिसा अडो, कुणाला घर मिळत नसो, बाळासाहेब धावून जायचे. माणूस भला. फक्त कुणाचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचे नाहीत.

"शैलेंद्र, आम्ही ठरवलंय. दिवाळीच्या कार्यक्रमात नाटक करायचंच. वृंदाला श्रद्धांजली म्हणून."

"करा," शैलेंद्र म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं.

"शेवटचे दोन महिने राहिलेत ना, ते मी लिहून काढले."

"तुम्ही?"

"अरे, कॉलेजात दोन एकांकिका लिहिल्यात मी. ऐक. नोव्हेंबरात मालकाचं मन विरघळतं. डिसेंबरात ख्रिसमस. मालक स्वतः ओवेनच्या घरी येतो, मागण्या मान्य करतो. विल आणि ओवेन गळ्यात पडतात. आणि मग सानिका खुर्चीवर चढून खिडकीतली पाटी काढते, त्या जागी पणती लावते. मागे पडद्यावर वृंदाचा फोटो. अंगावर काटा येतो की नाही? माझ्या आला."

शैलेंद्रला सुंदर बोलता येत नसे, त्यामुळे तो आधी मनात वाक्य जुळवायचा.

"बाळासाहेब, ते लोक हरले होते. तीन वर्षं उपाशी राहून हरले."

"असतील. पण इथे कुणाला माहितीये वेल्सचं?"

"वृंदाला माहिती होतं."

"अरे, ती असती तर तिनेही दिवाळीला असाच शेवट—"

"नसता केला."

"लोक वर्षाकाठी एकदा भेटतात रे! नटूनथटून येतात, मुलंबाळं असतात. त्यांना काय 'राहू दे' म्हणून घरी पाठवायचं? जेवणावर वासना राहील का कुणाची?"

"ऑक्टोबरला थांबा. तिने जेवढं लिहिलं तेवढं करा. लोकांना सांगा, पुढचं लिहायचं राहिलं."

"अर्धवट नाटक?" बाळासाहेब उठले. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आत्ता दुःखात आहेस. तुला कळतंय का मी काय म्हणतो ते?"

"कळतंय," शैलेंद्र म्हणाला. "पटत नाहीये."

कमिटीची मीटिंग झाली. शैलेंद्र गेला. वर्षभर सण नाहीत तर मग हा आलाच कसा, असंही कुणीतरी कुजबुजलं. त्याने ऐकलं आणि बसून राहिला. हात वर करायची वेळ आली तेव्हा ऑक्टोबरला थांबायच्या बाजूने दोनच हात होते, त्याचा आणि ज्ञानदाचा. ओवेनचं काम करणारा नरेंद्र खाली बघत होता. नरेंद्र आणि शैलेंद्र एकाच ऑफिसात होते, एकाच गाडीने जायचे.

परतताना गाडीत नरेंद्र म्हणाला, "राग आला का रे?"

"आला."

"वहिनींचं नाटक होणं महत्त्वाचं ना? दोन पानांनी काय फरक पडतो?"

शैलेंद्रने सिग्नलला गाडी थांबवली. "नऱ्या, तिचं आता जे आहे तेवढंच आहे. नवीन काही येणार नाही. त्यात दुसऱ्याचं मिसळलं तर पाच वर्षांनी मला आठवणार नाही, कुठलं वाक्य तिचं आणि कुठलं बाळासाहेबांचं. सानिकाला तर मुळीच नाही. तिला वाटेल, आईने लिहिलं होतं की शेवटी मालक चांगला निघतो."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.

*

प्रॉम्प्टिंग कोण करणार, हा प्रश्न आला. बाळासाहेबांना वाटलं शैलेंद्र नाही म्हणेल.

"करीन," तो म्हणाला. "जानेवारी ते ऑक्टोबर. नोव्हेंबर-डिसेंबरला मी एक शब्द पुरवणार नाही. जे तिने लिहिलं नाही ते माझ्या तोंडून जाणार नाही."

"दोनच तर पानं आहेत," बाळासाहेब हसले. "नरेंद्र पाठ करेल."

हे ऐकून सगळा हॉल हसला. नरेंद्रचं पाठांतर मंडळात प्रसिद्ध होतं. दिसायला राजबिंडा, आवाज खणखणीत, पण शैलेंद्र विंगेत नसेल तर पहिल्या वाक्याला गाडी बंद. विंगेतून येईल ते तो डोळे मिटून बोलायचा. दोन वर्षांपूर्वी तो सरदार झाला होता, डोक्यावर पगडी, हातात तलवार. शैलेंद्र मागे वळून कुणाला तरी दबक्या आवाजात म्हणाला, "अरे, तो फॅन बंद कर." नरेंद्रने तलवार उपसली आणि शत्रूला ठणकावलं, "अरे, तो फॅन बंद कर!" टाळ्या पडल्या होत्या.

"पाठ करतो," नरेंद्र छातीवर हात ठेवून म्हणाला. "आईशप्पथ."

संकेत, जो विल करायचा, तो म्हणाला, "कुणाच्या आईची? तुझी आई तिकडे ठणठणीत राहू दे बाबा."

घरी सानिकाची तालीम शैलेंद्र घ्यायचा. ती मराठी सगळं समजायची, उत्तर इंग्रजीत द्यायची, तेही लिमरिकच्या हेलात. नाटकात तिला म्हणून वृंदाने एकच वाक्य ठेवलं होतं. जूनमध्ये मुलगी विचारते, "आई, फितूर म्हणजे काय?" आणि नेल सांगत नाही, पीठ मळत राहते. ते वाक्य सानिका छान म्हणायची, कारण तिने ते आईला खरंच विचारलं होतं.

पाटी घरातच होती. पुठ्ठ्यावर वृंदाने स्वतः काळ्या रंगाने लिहिलेली. वर वेल्शमध्ये, अक्षर अक्षर पाहून काढलेलं, खाली मराठीत. 'फितूर' मधला 'फि' आधी फार दाटीने बसला होता, म्हणून पुढची अक्षरं जरा लांब गेली होती.

"मग शेवटी तू खुर्चीवर चढतेस," शैलेंद्र म्हणाला.

"आय नो."

"आणि पाटी काढतेस."

"आय नो, बाबा."

"चालेल ना तुला?"

"इट्स ग्रँड," सानिका म्हणाली.

नऊ वर्षांत शैलेंद्रला एवढं कळलं होतं, की इथे माणूस ग्रँड म्हणतो तेव्हा ग्रँड काहीही असू शकतं. फ्रॅक्चर झालेलाही ग्रँड असतो. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पाटीवरचा 'फि' बोटाने गिरवत होती.

"तुला काढायची नसेल तर सांग."

"बाळासाहेबअंकल विल बी रेजिंग."

"त्यांचं मी बघतो. तुला काय वाटतं?"

ती खांदे उडवून वर निघून गेली. तो पाटी हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिला. मग त्याने ती प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, कपबशांच्या वर आडवी ठेवली, ओल लागू नये म्हणून.

*

दिवाळीनंतरच्या शनिवारी प्रयोग झाला. हॉल भरला होता. मलिंगारहून, गॉलवेहून गाड्या आल्या होत्या. मागच्या टेबलांवर फराळाचे डबे, कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं, आणि पैठण्यांवर जाड कोट घातलेल्या बायका. मिसेस हेनेसीसुद्धा आल्या होत्या, पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन.

शैलेंद्र डाव्या विंगेत उभा राहिला. हातात वृंदाची पानं, डोक्याला छोटा टॉर्च. समोरच्या विंगेत बाळासाहेब, फोटोच्या प्रोजेक्टरशेजारी, रेशमी कुडत्यात. नारळ फुटला. तिसरी घंटा झाली.

जानेवारी नीट गेला. फेब्रुवारीत नरेंद्र तीनदा अडला, तीनदा उचलून धरला. जूनमध्ये ज्ञानदाने खिडकीत पाटी लावली तेव्हा हॉल शांत झाला. सानिकाने विचारलं, "आई, फितूर म्हणजे काय?" तिच्या हेलामुळे मागे दोघं-तिघं हसले. मग हसू थांबलं. ज्ञानदा पीठ मळत राहिली. शैलेंद्रच्या हातातल्या पानावर वृंदाने तिथे कंसात लिहिलं होतं: घाई करू नका.

कुणी घाई केली नाही.

ऑक्टोबर आला. ओवेन खांदा देऊन घरी आला. टोपी काढली.

"काय बोललात विलशी?"

"काही नाही. खांदा दिला."

"मग पाटी?"

"राहू दे."

हे नरेंद्रने न अडता म्हटलं. ऑक्टोबरमध्ये त्याला एकही शब्द पुरवावा लागला नाही. काळोख झाला. शैलेंद्रने शेवटचं पान मागे टाकलं, टॉर्च बंद केला. त्याच्याकडे पुढे काही नव्हतं.

उजेड आला आणि बाळासाहेबांचा नोव्हेंबर सुरू झाला. मालकाचं मन विरघळलं. नरेंद्रने खरंच पाठ केलं होतं. घाम गळत होता, पण वाक्यं येत होती. डिसेंबर. मालक घरी आला. मागण्या मान्य झाल्या. संकेत आणि नरेंद्र गळ्यात पडले. टाळ्या पडल्या, एकाने शिट्टीही मारली. लोकांना आवडत होतं. शैलेंद्र ते पाहत उभा राहिला. त्याला त्या लोकांचा राग आला नाही. हे वृंदाचं नाही, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"जा पोरी," नरेंद्र म्हणाला, "आता ती पाटी काढ."

सानिका खुर्चीवर चढली. हात वर नेला. पाटीच्या कडेला बोटं लावली आणि थांबली.

सगळे थांबले. प्रोजेक्टरचा दिवा लागला, फोटो अजून यायचा होता. बाळासाहेब पलीकडून हाताने खूण करत होते, काढ, काढ. सानिकाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती मान वळवून डाव्या विंगेत पाहत होती. वाक्य विसरलेला माणूस जसा पाहतो, तशी.

नोव्हेंबर-डिसेंबरला एक शब्द पुरवणार नाही, असं शैलेंद्र बोलला होता. पण हा शब्द डिसेंबरचा नव्हता. तो ऑक्टोबरचा होता, आणि वृंदाचा होता. त्याने तो पुरवला. दबक्या आवाजात नाही, चांगला मोठ्याने.

"राहू दे."

नरेंद्र गर्रकन वळला आणि सवयीने, खणखणीत आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं म्हणाला, "राहू दे!"

म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सानिका मात्र खुर्चीवरून उतरली होती. ज्ञानदाने एक क्षण इकडेतिकडे पाहिलं, पिठाची परात ओढली आणि मळायला बसली.

"पुढे! पुढे!" बाळासाहेबांचा आवाज हॉलभर ऐकू आला. "पणती! अरे, पणती!"

शैलेंद्रने पानं खिशात घातली आणि रंगमंचावर गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. १९०१ सालच्या त्या घरात फ्लीसचं जॅकेट घातलेला माणूस आलेला पाहून लहान मुलं हसली. समोरचे दिवे डोळ्यांवर येत होते, कुणीच दिसत नव्हतं. त्याला बरं वाटलं.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी शैलेंद्र. वृंदाचा नवरा. हे नाटक वृंदाने ऑक्टोबरपर्यंत लिहिलं. पुढचं तुम्ही पाहिलंत ते बाळासाहेबांनी लिहिलं. चांगल्या मनाने लिहिलं. पण तसं झालं नव्हतं. त्या लोकांच्या मागण्या कुणी मान्य केल्या नाहीत. ते आणखी दोन वर्षं बाहेर राहिले आणि मग हरले. तरी पाट्या काढल्या नव्हत्या. वृंदाने त्या पाट्यांसाठी हे लिहिलं. तिचं पुढचं लिहायचं राहिलं, म्हणून नाटक इथे थांबतं. टाळ्या वाजवू नका असं नाही. वाजवा. पण ऑक्टोबरसाठी वाजवा."

त्याला आणखी काही सुचलं नाही. तो सानिकाशेजारी उभा राहिला. आधी काहीच झालं नाही. मग पुढच्या रांगेतून एकटीच टाळी आली, आणि मिसेस हेनेसी म्हणाल्या, "फेअर प्ले टु यू," म्हणजे इथली शाबासकी. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. मग आणखी काही टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या नाही.

*

मागच्या खोलीत बाळासाहेब वाटच पाहत होते.

"माझ्या कार्यक्रमाची वाट लावलीस! लोकांसमोर? माझी अब्रू—"

"तुमच्या कार्यक्रमाची लावली," शैलेंद्र म्हणाला. "तिच्या नाटकाची लावू दिली नाही."

"मी काय वाईट केलं होतं रे? तुझ्यासाठीच केलं ना? फोटो मी तीन संध्याकाळी बसून नीट करून घेतला."

"ते मला माहितीये. फोटो मला द्या. घरी लावीन."

"माफी मागशील?"

"नाही."

बाळासाहेबांनी रेशमी कुडत्याच्या बाहीने चेहरा पुसला आणि बाहेर जेवणाची व्यवस्था पाहायला गेले. वाढताना त्यांनी शैलेंद्रच्या ताटात नेहमीसारख्या दोन करंज्या घातल्या, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढे कितीतरी दिवस पाहिलं नाही.

नरेंद्र चिकटवलेली मिशी सोलत बसला होता. "आयुष्यात पहिल्यांदा दोन पानं पाठ केली होती मी," तो म्हणाला. "आणि तू मला एका शब्दात फितूर केलंस."

"उलट केलं," ज्ञानदा म्हणाली. "फितूर होतास, परत आणलं."

"ए, तू गप. तुला पीठ मळण्याशिवाय काही सुचलं नाही."

"ताईंनी तेवढंच शिकवलं होतं. सुचलं नाही की मळत राहा."

शैलेंद्र हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं, सप्टेंबरनंतर आपण हसलो नव्हतो.

घरी आल्यावर सानिकाने कोटही न काढता पाटी पुढच्या खोलीच्या खिडकीत लावली, रस्त्याच्या बाजूला तोंड करून. चिकटपट्टी दाताने तोडली.

"बाबा, इज दॅट ओके?"

"ग्रँड आहे," तो म्हणाला, आणि या वेळी ते होतं.

दुसऱ्या दिवशी मिसेस हेनेसी कुंपणापाशी थांबल्या आणि पाटीवर काय लिहिलंय ते विचारलं. शैलेंद्रने सांगितलं. त्या जरा वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या आजोबांच्या घरालाही अशी एक खिडकी होती, पण ती गोष्ट लांबलचक आहे. आणि कुत्र्याला ओढत पुढे गेल्या.

वर्ष गेलं. दिवाळी येऊन गेली. मंडळाने विनोदी नाटक केलं आणि बाळासाहेबांनी प्रॉम्प्टिंगला दुसरा माणूस बघितला. नरेंद्र चौदा वेळा अडला म्हणे. वृंदाचा फोटो जिन्याखालच्या भिंतीवर आहे, पाटी खिडकीत आहे. उन्हाने वेल्श ओळ फिकी झाली, तेव्हा सानिकाने ती परत गिरवली. ज्ञानदा दोनदा म्हणाली, दादा, तुम्हीच लिहा ना पुढचं, तुम्हाला तिची सगळी वाक्यं पाठ आहेत. त्याने नाही म्हटलं. वाक्यं पाठ असणं वेगळं. वेल्सला जाऊन ते गाव पाहावं असं मात्र त्याच्या मनात आहे. डब्लिनहून बोट रोज सुटते. तो आणि वृंदा दर उन्हाळ्यात जाऊ म्हणायचे. ते गेले नाहीत.

नोव्हेंबर आणि डिसेंबर लिहायचे राहिले आहेत.